कातरण

सुभाषनगरात माझं दुकान. दुकान कसलं,
दहा बाय बाराची खोली,
भिंतीला रापी, आरी आणि बापाचा फोटो.
एका शनिवारी संयुक्ता नावाची पोरगी आली,
म्हणाली, मामा, कातरणं कुठं टाकता?
म्हटलं, पोत्यात. पोतं उकिरड्यावर.
म्हणाली, मला द्या.
आणि जमलं तर सांजेपुरती खोलीपण.

आता दर शनिवारी नऊ पोरं.
कुणी शाळा सोडलेलं, कुणाला शाळेनं सोडलेलं.
दिग्या गॅरेजातनं थेट येतो, नखांत ग्रीस घेऊन.
बल्ब एक, साठचा.
पडदा म्हणजे बापाचं धोतर,
मांडीपाशी रंगाचा तांबडा डाग,
चाळीस वर्षं धुवून न गेलेला.
पोरांच्या गोष्टीत तो कधी सूर्य होतो,
कधी पंक्चरवाल्याची पाटी,
एकदा तांबड्या रश्श्याचं पातेलं झाला
आणि सगळ्यांना एकदम भूक लागली.

मी शिकवतो ते एवढंच :
अस्तराचं कातडं घ्यायचं, तळाचं जाड पडतं.
ओलं करून कापायचं.
डोळा काढायचा नाही,
डोळ्याच्या जागी भोक पाडायचं.
गोष्ट कशी सांगायची ते मला येत नाही.
पन्नास वर्षांत लोकांनी मला विचारलं ते माप.

शाहिस्तानं एक माणूस कापला.
कोण, ते सांगितलं नाही.
बल्बाजवळ धरला की तो धोतरभर व्हायचा,
हात छपराला, कडा धूसर.
पोरं चिडीचूप.
मग तिनं त्याला हळूहळू पुढं आणलं,
कापडाला टेकवलं.
वीतभर.
नाकाडोळ्यासकट वीतभर.
"एवढाच हाय ह्यो," ती म्हणाली,
परत मागं नेला, परत पुढं आणला,
सात-आठ वेळा.
गोष्ट तेवढीच होती.
टाळी कुणी वाजवली नाही, संयुक्तानंही नाही.
बरं केलं.

चिखलीचा अवधूत बोलत नाही.
म्हणजे येतं त्याला. "पाणी द्या", "येतो", एवढं बोलतो.
पुराच्या साली तो सात वर्षांचा होता,
हे त्याच्या चुलत्यानं सांगितलं,
चप्पल न्यायला आला तेव्हा, भाव करता करता.
चार शनिवार पोरगं म्हैसच कापत होतं.
शिंग तुटलं की नवी म्हैस.
मग माझ्याकडनं वादी मागितली,
बारीक, कापशीच्या वेणीला घालतो तसली,
आणि म्हशीच्या गळ्यात दावं बांधलं.

खेळाच्या दिवशी निळं प्लास्टिक
खालनं वर सरकू लागलं.
पोटापर्यंत. मग गळ्यापर्यंत.
दावं ताणलेलं, म्हैस मान वर करून,
डोळ्याच्या भोकातनं
ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड.
मला वाटलं, बुडवणार आता.
त्यालाही तेच दाखवायचं असावं.

तेवढ्यात पडद्यावर एक हात आला.
बाहुलीचा नव्हे, खराखुरा.
सावलीत ग्रीस दिसत नाही, तरी मी ओळखला.
ठरलेलं नव्हतं हे.
हात दाव्याशी झोंबायला लागला,
आणि पडद्यामागनं अवधूतचा आवाज :
"गाठ वल्ली हुती.
सुटत नव्हती."

दिग्याचा हात थांबला, पण गेला नाही.

ओल्या गाठीचं मला माहीत आहे.
बोटांनी जेवढी ओढाल तेवढी आवळते.
त्यात बोटांचा दोष नसतो.
हे तोंडानं सांगायला जमलं असतं तर सांगितलं असतं.
मी उठलो, भिंतीवरची रापी काढली
आणि धोतराखालनं आत सरकवली.

कुणी कापलं, मला पुढनं दिसलं नाही.
निळं प्लास्टिक हललं, म्हैस डागाकडं निघाली,
मधेच संयुक्ताच्या पायात वायर अडकून बल्ब गेला.

सकाळी पोतं बांधताना
वादीचे दोन तुकडे सापडले.
एक वीतभर,
दुसरा जरा आखूड.